मला दोन भाऊ आहेत

"टू मी टू ब्रदर्स आर."

जून १९९३. बिलोलीच्या शाळेत रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. आठवीच्या वर्गाला इंग्रजीतून स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं होतं. तिसऱ्या बाकावरचा एक काडीपहिलवान पोरगा हाताची घडी घालून उभा राहिला आणि हे वाक्य म्हणाला. वर्गात कुणी हसलं नाही. त्यात हसण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. हसलो मी एकटाच. दोन ‘टू’ एकापाठोपाठ आले म्हणून हसू आलं, अशी तेव्हा मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. मी बी.एड.चा कागद ताजा असलेला इंग्रजीचा नवा सर होतो, आणि समोरच्याला काही येत नाही हे पाहून मला बरं वाटलं होतं.

फळ्यावर लिहिलं, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ‘हॅव’खाली रेघ मारली आणि सांगितलं, हॅव म्हणजे असणे. उदगीरला माझ्या सरांनी मला तसंच सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या सरांनी. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या. ‘माय फादर हॅव अ फार्मर.’ ‘आय हॅव इन बिलोली.’ ‘द स्काय हॅव ब्लू.’ वहीमागून वही उघडावी तर तेच. पोरं कुठं चुकली होती? बाप शेतकरी आहे, मी बिलोलीत आहे, आकाश निळं आहे. आणि ‘आहे’ला ‘हॅव’ म्हणतात हे कालच सरांनी सांगितलं होतं.

मग मी दुरुस्ती केली. हॅव म्हणजे जवळ असणे. तिसऱ्या दिवशी एका मुलीनं लिहून आणलं, ‘द रिव्हर हॅज माय व्हिलेज’. नदी माझ्या गावाजवळ आहे. तिचं गाव मांजरेच्या काठावरचं. एखाद्या पुराच्या वर्षी ते वाक्य बरोबरही ठरलं असतं, पण तेव्हा मी त्यावर लाल फुली मारली.

त्या रात्री खोलीवर बसून पहिल्यांदा मी माझ्याच भाषेकडं जरा चौकशीच्या नजरेनं पाहिलं. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे सायकल आहे. माझ्याजवळ पाच रुपये आहेत. माझ्यात तेवढी हिंमत नाही. गायीला शिंगं असतात. घराला दोन दारं आहेत. त्याचं डोकं चांगलं आहे. या सगळ्यांना इंग्रजीत एकच ‘हॅव’ पुरतं. आपल्याकडे मात्र शब्द बदलला की गोष्टच बदलते. ‘मला मुलगा आहे’ म्हणणारा बाप असतो. ‘माझ्याकडे एक मुलगा आहे’ म्हणणारा मामा असू शकतो, हॉटेलवाला असू शकतो, नाहीतर लग्न जुळवणारा. ‘माझ्याकडे पैसे आहेत’ असं म्हणणाऱ्याचे पैसे बँकेत असतील. ‘माझ्याजवळ आहेत’ म्हणणाऱ्यानं खिशात हात घातलेला असतो. मराठीत ‘हॅव’ला क्रियापद नाहीच, हे तीस वर्षांचं होईपर्यंत मला कळलं नव्हतं. आहे ते फक्त ‘असणे’. वस्तू असते, आणि ती माणसापासून किती अंतरावर, कोणत्या नात्यानं असते ते ‘ला’, ‘कडे’, ‘जवळ’, ‘पाशी’, ‘त’, ‘चा’ यांतलं कुणीतरी सांगतं. माणूस त्या वाक्यात कर्ता नसतो. कर्ते ते दोन भाऊ.

म्हणजे तो पोरगा अगदी व्याकरणशुद्ध बोलला होता. व्याकरण तेवढं मराठीचं होतं.

मराठीचंच, असंही नाही. बिलोलीचं ठिकाण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला हा तालुका. मांजरा ओलांडली की बोधन, पुढं निजामाबाद. तेव्हा ते आंध्रात होतं, २ जून २०१४ पासून तेलंगणात. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत अलीकडचं-पलीकडचं सगळं एकाच निजामाचं. मी आलो तेव्हा गावात उर्दूतून शिकलेली म्हातारी माणसं होती. सही मराठीत करायची, पण हिशेब मनातल्या मनात उर्दूत. सरफराज खानांच्या जुन्या दगडी मशिदीकडच्या गल्लीतली पोरं घरी दखनी बोलायची, कुंडलवाडीकडून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू. शाळेत सगळी मराठीत शिकायची आणि मधल्या सुट्टीत तिन्ही भाषांत भांडायची.

एकदा मी वर्गालाच विचारलं, तुमच्या तुमच्या घरच्या भाषेत ‘मला दोन भाऊ आहेत’ कसं म्हणता? दखनीवाला म्हणाला, "मेरेकू दो भाई हैं." तेलुगूवाली जरा लाजत म्हणाली, "नाकु इद्दरु अन्नदम्मुलु उन्नारु." नाकु म्हणजे मला. उन्नारु म्हणजे आहेत. आणि पैसे आहेत? "ना दग्गर डब्बुलु उन्नायि." ना दग्गर, माझ्याजवळ. तेलुगू कुठल्या कुळातली, मराठी कुठल्या. पण भावाला ‘मला’ आणि पैशाला ‘माझ्याजवळ’, ही वाटणी दोघींनी अगदी सारखी केलेली. पोरांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. मी मात्र खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. माझ्यासमोरच्या साठ मुलांपैकी एकाच्याही घरात ‘हॅव’ राहत नव्हता, आणि तो सगळ्यांना ओळखीचा आहे असं गृहीत धरून मी शिकवत होतो.

पुढं पुढं वाचनात येत गेलं, तसं कळलं की यात नवलाचं काही नाही. रशियन माणूस ‘माझ्यापाशी आहे’ असंच म्हणतो. जुन्या लॅटिनमध्ये ‘मला पुस्तक आहे’ अशी सरळ आपल्यासारखी रचना होती, आणि संस्कृतचं ‘मम अस्ति’ आपण पाठच केलेलं असतं. एमील बेंव्हेनिस्त या फ्रेंच भाषापंडितानं १९६०च्या सुमारास यावर एक निबंध लिहिला. त्यात त्यानं दाखवलं की ‘हॅव’सारखं क्रियापद बहुतेक भाषांत नसतंच; ते असणं हाच अपवाद. आणि हा इंग्रजी ‘हॅव’ मुळात कुठून आला? पकडणे, हस्तगत करणे या अर्थाच्या धातूपासून. ‘कॅप्चर’ ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा हा चुलत भाऊ. मुठीत धरायचं, मग धरलेलं राखायचं, मग ते आपलं म्हणायचं, असा त्याचा प्रवास. ‘आय हॅव’ म्हणताना इंग्रजी माणसाची मूठ मिटलेली असते, असं मी वर्गात सांगायला लागलो. हे शास्त्र म्हणून फार ताणू नये, कारण मूठ मिटलेली आहे हे आता खुद्द इंग्रजाच्याही ध्यानात नसतं. पण आठवीच्या पोरांना मूठ लगेच समजली.

शाळेच्या कपाटात एक ऑक्सफर्डची जाड डिक्शनरी होती, ॲडव्हान्स्ड लर्नर्स. पहिल्या वर्षीच मी ती सहीनं काढून घेतली. ती रचणारे हॉर्नबी हे स्वतः आमच्याच जातकुळीचे. १९२०च्या दशकात ते इंग्रजी शिकवायला जपानला गेले. ज्यांच्या भाषेतही ‘मला भाऊ आहेत’ असंच म्हणतात अशा पोरांना शिकवता शिकवता त्यांना समजलं की शब्दाचा नुसता अर्थ सांगून भागत नाही, तो वाक्यात कसा बसतो ते दाखवावं लागतं. त्यातून ती डिक्शनरी झाली. पहिल्यांदा ती १९४२ साली निघाली, तीही लंडनला नव्हे, टोकियोत. ऑक्सफर्डनं ती आपल्या नावानं काढली १९४८ला. तपशील वाचला तेव्हा मला हॉर्नबींच्या टोकियोतल्या वर्गातला तिसरा बाक दिसायला लागला होता. आमच्या घरी वडिलांच्या वेळची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. तिनं माझं इंग्रजी उभं केलं हे खरं, पण तिथं मराठी वाक्य डावीकडं आणि इंग्रजी उजवीकडं, मधली दरी ज्याची त्यानं उडी मारून पार करायची.

त्या दरीत मी पुढची तीस वर्षं काढली.

सगळ्यात हट्टी चूक म्हणजे ‘आय ॲम हॅविंग’. आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स, आय ॲम हॅविंग फीवर. २०००पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. पाचवीत येणारी मुलं आता चार वर्षांचं इंग्रजी घेऊन यायची, आणि ‘ॲम हॅविंग’ही सोबत घेऊन यायची. नांदेड-हैदराबाद बाजूचे साहेबलोकही हेच बोलतात, तेव्हा पोरांना काय बोलायचं. मला वाटतं, कारण ‘आहे’मध्येच असावं. मराठी कान वाक्याच्या शेवटी ‘आहे’ची वाट पाहतो, आणि ‘आय हॅव’मध्ये त्याला ते सापडत नाही. म्हणून तो एक ‘ॲम’ आणून बसवतो, आणि ‘ॲम’ आल्यावर ‘इंग’ लावायचं हे पाठ असतंच.

यावर मला औषध सापडलं ते इथल्याच बोलीत. आमच्या भागात चालू असलेल्या क्रियेला वेगळंच रूप आहे. काय करूलालास? जेवूलालाय. पाऊस येऊलालाय. पुण्याकडच्या माणसाला हे ऐकून गंमत वाटते, पण त्यात ‘लागला’ दडलेला आहे. करू लागला आहे, येऊ लागला आहे, तेच बोलताना झिजून ‘लालाय’ झालं. मी फळ्यावर दोन रकाने पाडले. ज्या क्रियापदाला ‘लालाय’ लागतं, त्याला ‘इंग’ लावा. जेवूलालाय, चालतं. ‘मला दोन भाऊ असूलालेत’ म्हणता का रे? वर्ग खदखदून हसला. बस्स, मग भावाला इंग नाही. त्या वर्षी ‘हॅविंग ब्रदर्स’ जवळजवळ संपले. वर्गतपासणीला आलेल्या एका साहेबांनी मात्र फळ्यावरचं ‘लालाय’ पाहिलं आणि शेऱ्यात लिहिलं की शिक्षक प्रमाणभाषेचा आग्रह धरत नाहीत. शेरा खरा होता.

पण तिथंच एक खड्डा होता. ‘आय ॲम हॅविंग माय लंच’ बरोबर. म्हणजे हॅव हा जेवतोसुद्धा! हॅव टी, हॅव अ बाथ, हॅव अ लुक, हॅव अ सीट. पोरांनी विचारलं, सर, चहा जवळ असणं आणि चहा पिणं एकच का? मी म्हटलं, इंग्रजाकडं एकच. एक पोरगा म्हणाला, मग त्याला भूक लागली असंल तर लई पंचाईत.

भुकेवरून आठवलं. एकदा शिक्षण खात्याच्या कुठल्याशा भेटीसाठी बाहेरून पाहुणे आले होते, इंग्रजी बोलणारे. दुपारची वेळ. त्यांनी सहावीतल्या एका मुलाला प्रेमानं विचारलं, हॅव यू हॅड युवर लंच? दोन हॅव एकाच प्रश्नात, तेही जुळ्या भावांसारखे शेजारी. पोरगा क्षणभर गांगरला, मग त्यानं ‘लंच’ तेवढं पकडलं आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "यस सर, माय मील इज हॅपन्ड." माझं जेवण झालंय. पाहुणे हसले, चांगल्या अर्थानं. आमचे एक वरिष्ठ वरमले आणि नंतर मला बोलले. मी ऐकून घेतलं. पण घरी जाताना मला त्या पोराचंच वाक्य घोळवावंसं वाटत होतं. आपल्याकडे जेवण होतं, लग्न होतं, मुलगी होते, आजार होतो, उशीर होतो. आपण त्यात कुठं असलोच तर ‘माझं’ नाहीतर ‘मला’ म्हणून कोपऱ्यात. इंग्रज जेवण ‘हॅव’ करतो आणि ते करून झालं हे सांगायलाही पुन्हा ‘हॅव’च वापरतो. आपण म्हणतो, मी भाकरी खाल्ली आहे, मी आंबा खाल्ला आहे. ‘मी’ तोच, पण क्रियापद भाकरीचं ऐकतं, आंब्याचं ऐकतं. माझं ऐकत नाही.

इतकं वाचून कुणाला वाटेल की इंग्रजी हावरट आणि मराठी विरागी, असं मला म्हणायचं आहे. काही वर्षं मी तसं म्हणतही असे, आणि टाळ्याही मिळत. ती खोड मोडली एका गवंड्याच्या पोरानं.

दहावीचा वर्ग. शिकवत होतो ‘आय हॅड माय हाउस बिल्ट’. म्हटलं, यात घर बांधणारा दुसराच आहे, मी फक्त बांधून घेतलं. आणि ‘आय बिल्ट माय हाउस’ म्हणजे मी माझ्या हातानं बांधलं. मराठीत आपण काय म्हणतो? वर्ग म्हणाला, मी घर बांधलं. मी म्हटलं, बरोबर, आपण तसंच म्हणतो, इंग्रजी उगाच वळसा घेते. तेव्हा मागून तो बोलला. "पन सर, घर तर माझ्या बापानं बांधलं की." कुणाचं रे? त्यानं गावातल्या एका मोठ्या माणसाचं नाव घेतलं. सगळा गाव म्हणत असे की अमक्यानं घर बांधलं, काय घर बांधलं! आणि त्या घराच्या पायापासून छतापर्यंत ज्याचा ओळंबा लागला होता, त्याचा पोरगा माझ्या वर्गात बसून ते ऐकत होता. बांधून घेतलं, केस कापून घेतले, विहीर खोदून घेतली: मराठीत ‘घेणे’ आहे, सोय पुरेपूर आहे. आपण ती वापरत नाही. मी विहीर खोदली, मी बोअर मारला. इंग्रजीनं त्या ‘हॅड’मध्ये निदान गवंड्यासाठी एक जागा राखली आहे. त्याचं नाव नाही घेतलं, पण तो आहे हे कबूल केलं.

त्या पोराला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पुढचं उदाहरण घेतलं असावं.

‘हॅव’च्या सगळ्या अर्थांत आमच्या पोरांना सर्वांत लवकर आणि बिनचूक कोणता आला, तर ‘हॅव टू’. तो शिकवावाच लागला नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, लागणे. आय हॅव टू गो, मला जावं लागतं. लागणे हाही काही साधा गडी नाही. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नोकरी लागते, बोअरला पाणी लागतं, नांदेडला जाताना मधे नरसी लागतं, आणि माणसं एकमेकांची कोण लागतात हे तर पहिल्याच भेटीत विचारलं जातं. एका हॅवला आमच्या बाजूनं जोडीला उतरवायचा पहिलवान हाच. इंग्रजीत ‘माझ्याकडे करायचं काम आहे’ यावरून हळूहळू ‘मला काम करावं लागतं’ असा अर्थ आला. म्हणजे सक्तीसुद्धा आधी मालमत्ता होती. आपली सक्ती बाहेरून येऊन लागते, ठेचेसारखी. दिवाळीनंतर हजेरीपटावर कोरे रकाने दिसायला लागत. विचारलं की उरलेली पोरं सांगत, ही हॅज टू गो टू हैदराबाद, सर. शी हॅज टू गो टू निजामाबाद. कामाला गेलेल्या आईबापांमागं जावं लागलेली पोरं. ‘टू’, ‘हॅज’, ‘गो’, सगळं जागच्या जागी. लाल पेन लावायला जागा नसे.

२०२०च्या उन्हाळ्यात शाळा बंद होत्या आणि ऑनलाइन शिकवायचं ठरत होतं. आम्हाला एक तक्ता आला. विद्यार्थ्याकडे स्मार्टफोन आहे का? होय किंवा नाही. मी तोंडाला रुमाल बांधून घराघरांत जात होतो. एका घरी सातवीतली मुलगी दारात आली. फोन आहे का गं? "हाय सर." दाखव. "इथं नाई." मग कुठं? आतून आई म्हणाली, "फोन आमचाच हाय सर, पन त्यो बापासंगं हैदराबादला हाय. बाप तिकडंच अडकला." पुढच्या घरात फोन होता, चालू होता, पण तो शेजाऱ्यांचा. दिवसा यांच्याकडे, रात्री त्यांच्याकडे. तिसऱ्या घरी फोन मुलाकडे, रिचार्ज मामाकडे. आमचा आहे पण आमच्याकडे नाही. आमच्याकडे आहे पण आमचा नाही. माझ्या हातातल्या तक्त्याचे शब्द मराठी होते, पण प्रश्न इंग्रजी होता: हॅव की हॅव नॉट. मी समासात बारीक अक्षरात कोण कुणाकडे ते लिहीत गेलो. माहिती भरून घेणाऱ्या पोरानं सांगितलं, सर, समास भरता येत नाही, होय का नाही तेवढं सांगा. हैदराबादच्या फोनला मी ‘होय’ सांगितलं. पुढं दोन महिने त्या नंबरवर सातवीचे इंग्रजीचे व्हिडिओ जात राहिले आणि तिकडं कुठल्यातरी बांधकामावर ते उघडत, किंवा न उघडता, राहिले.

शेतीचंही तेच. ओळख करून देताना पोरं म्हणत, माय फादर हॅज फाइव्ह एकर्स. पूर्वी मी ‘गुड’ म्हणून पुढं जायचो. नंतर विचारायला लागलो, सातबारा कुणाच्या नावावर आहे? मग उलगडत जायचं. दोन एकर आजोबांच्या नावावर, तिघा भावांत वाटणी न झालेलं. तीन एकर बटईनं, मालक नांदेडला. मराठीत पोरगा म्हणाला असता, ‘आमच्याकडं पाच एकर हाय’, आणि गावातल्या ऐकणाऱ्याला त्या ‘कडं’वरूनच शंका आली असती. २०१८ला पलीकडं तेलंगणात शेतकऱ्यांसाठी रयतू बंधू योजना सुरू झाली, एका हंगामाला एकरी चार हजार रुपये. सीमेवरच्या गावांतली पोरं वर्गात येऊन ‘देय हॅव, वुई डोंट हॅव’ असं एका दमात म्हणायला लागली. नकार शिकवायला एवढं सोपं उदाहरण मला परत मिळालं नाही.

आणि पाणी. धर्माबादजवळचं बाभळी पूर्वी आमच्याच तालुक्यात होतं. तिथं गोदावरीवर बंधारा आहे, २.७४ टीएमसीचा, १४ दरवाज्यांचा. त्यावरून दोन राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ फेब्रुवारी २०१३ला निकाल लागला. दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. म्हणजे पावसाळाभर नदी दारातून वाहत जाताना पाहायची आणि पाऊस सरल्यावर दारं लावून बसायचं. त्या वर्षी मी नववीला निबंध दिला, ‘अवर रिव्हर’. एका मुलीनं पहिलंच वाक्य लिहिलं होतं, ‘वुई हॅव बंधारा बट वॉटर इज गोइंग.’ ‘बंधारा’ला इंग्रजी शब्द सुचवला, ‘द’ घातला नव्हता तो घातला. बाकी वाक्य तसंच ठेवलं. वीस वर्षांपूर्वीची ती नदी-गावाची वही आठवली आणि ती फुली मी उगाच मारली होती असं वाटून गेलं.

२०२३ला निवृत्त झालो. शेवटच्या आठवड्यात बेबाकी प्रमाणपत्रासाठी ऑफिसात गेलो. शाळेचं काही येणं नाही असं लिहून मिळाल्याशिवाय पेन्शनचे कागद पुढं सरकत नाहीत. बाबूजींनी डेडस्टॉक रजिस्टर उघडलं, बोट खाली खाली आणलं आणि एका ओळीवर थांबवलं. "डिक्शनरी, इंग्रजी, एक नग. सर, ही तुमच्याकडं हाय का?"

"आहे."

"तुमच्याकडं हाय, का तुमची हाय? म्हंजे नोंद तशी करावी लागंल."

तीस वर्षं. शिक्क्याचं पान कधीच गळून गेलं होतं. एचच्या पानांच्या कडा काळ्या पडल्या होत्या, समासात माझं अक्षर, चार-दोन ठिकाणी पोरांचं. एका कोपऱ्यात कुणीतरी ‘असूलालेत’ असं लिहून त्यावर काट मारलेली. मी म्हटलं, शाळेची आहे, माझ्याकडे आहे. उद्या आणून जमा करतो.

बाबूजींनी तेवढ्यावर ‘जमा’ लिहून टाकलं, मला सही करायला लावली आणि रजिस्टर मिटलं. म्हणाले, "आना सवडीनं. इथं कोन वाचूलालंय."

ती अजून माझ्याकडे आहे.